काचेच्या दरवाजांचा मोह

आमच्या शहरांतून गेल्या तीस-पस्तीस वर्षांत ज्या गोष्टी कोणी कोणास कारण न विचारता मान्य होऊन बसल्या, त्यांत व्यापारी इमारतींच्या काचेच्या दरवाजाची गणना अवश्य केली पाहिजे. सराफाची पेढी असो, कापडाचे दुकान असो, सहकारी बँकेची शाखा असो की रक्त-लघवी तपासण्याची प्रयोगशाळा असो. इमारत पुरी होत आली की मालक, वास्तुशिल्पकार आणि काच बसविणारा ठेकेदार असे तिघे एकत्र जमतात, आणि काच निर्मळ की किंचित् निळसर, मूठ लांब की आखूड, एवढ्याच मुद्द्यांवर त्यांचा खल चालतो. मुळात दरवाजा सबंध काचेचा असावा की नसावा, हा प्रश्न त्या बैठकीत कोणी काढीतच नाही. तो येथे काढावयाचा आहे. दरवाजा निवडताना रस्त्यावरून त्याकडे पाहणाऱ्याचा विचार करावयाचा, की त्यातून आत-बाहेर जाणाऱ्याचा? आमचे म्हणणे असे की, आज विचार होतो तो पहिल्याचा. दुसऱ्याचा होत नाही. आणि या उफराट्या न्यायाची किंमत येणारा-जाणारा आपल्या शरीराने व मानाने, आणि मालक आपल्या विजेच्या बिलाने मोजीत असतो.

आरंभीच सांगून टाकतो की, काचेशी आमचे वैर नाही. तसले वैर महाराष्ट्रास शोभणारही नाही. एकेक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी जो पैसा फंड उभारला, त्यातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला, आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलाने खेड्यापाड्यांतील कित्येक ओसऱ्या उजळल्या. त्या कंदिलाची काच आठवून पाहा. वाऱ्यापासून ज्योत राखावयाची आणि उजेड मात्र अडवावयाचा नाही, ही दोन्ही कामे एकसमयावच्छेदेकरून करणारा दुसरा स्वस्त पदार्थ नव्हता, म्हणून काच तेथे होती. ती आपली शोभा दाखविण्यासाठी बसविलेली नव्हती. काच कोठे व कशासाठी वापरावी, याचा याहून चांगला वस्तुपाठ शोधण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. म्हणून आमचा आक्षेप त्या पदार्थावर नाही. काम न पाहता पदार्थ निवडण्याच्या आमच्या सवयीवर आहे.

काचेच्या दरवाजाच्या कैवाऱ्यांची बाजू तीन शब्दांत सांगता येते: पारदर्शकता, आधुनिकता आणि प्रकाश. यांपैकी पहिल्या शब्दाचा तोरा सर्वांत मोठा, तेव्हा त्याचाच समाचार प्रथम घेऊ. काचेचे दार लावले म्हणजे आतला व्यवहार उघड झाला, गिऱ्हाइकास विश्वास वाटला आणि पेढीने जणू आपले हृदयच रस्त्यावर मांडले, असा हा युक्तिवाद आहे. ऐकण्यास तो गोड आहे. परंतु पूर्वीचे दुकान ज्यांना आठवते त्यांना तो ऐकून हसू आल्यावाचून राहणार नाही. पुण्यातील काय किंवा एखाद्या तालुक्याच्या गावातील काय, जुन्या पेठेतल्या दुकानास दिवसा दार असे नसेच. सकाळी एकामागून एक फळ्या खाचांतून काढून बाजूस रचावयाच्या, आणि रात्री त्याच क्रमाने लावावयाच्या. मधल्या वेळी दुकान आणि रस्ता यांमध्ये एका ओट्याखेरीज काहीही नसे. पांढरी गादी, तक्क्या, तराजू, वही आणि वहीवर वाकलेला दुकानदार ही सारी रस्त्यावरूनच दिसत. आणि केवळ दिसत असे नव्हे, तर गिऱ्हाईक ओट्याच्या कडेवर टेकून बोलणे सुरू करी, तेव्हा तो आत आला की बाहेरच राहिला, हे त्यालाही सांगता आले नसते.

हे दुकान खऱ्या अर्थाने उघडे होते. मग वातानुकूलन आले. थंड केलेली हवा पैशाची असते. ती रस्त्यावर सांडू नये म्हणून उघड्या दुकानास बंद करणे भाग पडले. बंद केले तर गिऱ्हाइकास आतले दिसेना. म्हणून बंद करणारी भिंत काचेची केली. या क्रमात अन्याय्य असे काही नाही. परंतु घडले ते इतकेच की, जेथे काहीच नव्हते तेथे भिंत आली. त्या भिंतीस आता आम्ही मोकळेपणा म्हणू लागलो आहो! उघड्या ओट्याच्या जागी बंद तावदान आणावयाचे आणि वर त्याच्या पारदर्शकतेची जाहिरात करावयाची, हा शब्दांचा अपहार आहे. विशेष गंमत अशी की, या पारदर्शक दारावर पुन्हा लोखंडी शटर असतेच. दिवसा काच आणि रात्री पत्रा. म्हणजे राखणीचे काम पत्रा करतो, आणि मोठेपणा काच मिरविते.

आणि व्यवहाराच्या पारदर्शकतेविषयी म्हणाल, तर तिचा दाराशी काय संबंध? सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या एका मोठ्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, आणि आपल्याच घामाच्या पैशांतून खातेदारास प्रथम अवघे हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. कर्जे कोणास दिली आणि ती कशी दडविली, हे त्या खातेदारांस आधी कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता. बँकेचे दार काचेचे, लाकडाचे की सोन्याचे, याने त्यांच्या अज्ञानात तिळभर फरक पडला नसता. बँकेची पारदर्शकता तिच्या ताळेबंदात, हिशेबतपासनिसाच्या निर्भीडपणात आणि वार्षिक सभेत सभासदाच्या प्रश्नास मिळणाऱ्या उत्तरात असते. ज्या संस्थेला ही तीन ठिकाणे स्वच्छ ठेवता येत नाहीत, तिने दर सकाळी दाराची काच कितीही पुसली तरी काय उपयोग? सहकारी चळवळीत वाढलेल्या महाराष्ट्राने तरी वस्तूचा गुण माणसाच्या खाती जमा करण्याची ही चूक करू नये.

दुसरा शब्द आधुनिकता. याही बाबतीत आम्ही पश्चिमेचे अनुकरण करतो म्हणतो, पण अनुकरण करण्याइतकाही पश्चिमेचा अभ्यास करीत नाही. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात सुमारे तीन लाख तावदानांचा स्फटिकप्रासाद उभा राहिला, त्यापासून काचेच्या इमारतींचे युग मोजण्याची पद्धत आहे. त्याचा कर्ता जोसेफ पॅक्स्टन हा मूळचा माळी. थंड देशात उष्ण कटिबंधातील वनस्पती जगविण्यासाठी तो काचघरे बांधीत असे. काचघराचे कार्यच मुळी उष्णता कोंडून धरणे! ही गोष्ट पॅक्स्टन जाणून होता, म्हणून लंडनच्या उन्हातसुद्धा त्याने आपल्या प्रासादाच्या छपरावर कापडाची सावली पसरली आणि भिंतींत हवेसाठी झडपा ठेवल्या. पुढे १९१४ साली पॉल शेअरबार्ट या जर्मन लेखकाने काचेच्या वास्तुकलेची थोरवी गाणारा ग्रंथ लिहिला. परंतु त्यानेदेखील मागितली ती रंगीत काच आणि दुहेरी भिंत. एकेरी उघडी काच त्याच्या स्वप्नातही नव्हती. संप्रदायाच्या मूळ पुरुषांना जे समजत होते, तेच नेमके आमच्या अनुयायांनी टाकून दिले आहे.

याहून बोलका दाखला ल कॉर्बुझिए याचा आहे. १९३३ साली पॅरिसमध्ये निराश्रितांसाठी त्याने जी इमारत बांधली, तिची दक्षिणेकडील भिंत त्याने न उघडणाऱ्या काचेची केली. थंडीत ती मोठी सुखाची वाटली. उन्हाळ्यात मात्र आतली माणसे अक्षरशः उकडून निघाली. पुढे त्या भिंतीत उघडणाऱ्या खिडक्या कराव्या लागल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यावर ऊन अडविणारे आडोसे बसले. हाच मनुष्य हिंदुस्थानात आला तेव्हा त्याने काय केले? अहमदाबादेस गिरणीमालकांच्या संघासाठी त्याने बांधलेली इमारत १९५४ साली पुरी झाली. पैशाला तोटा नसलेल्या व्यापाऱ्यांची ती वास्तू. पण तिच्या रस्त्याकडील, म्हणजे पश्चिमेच्या अंगास काचेचा पडदा नाही. तिरप्या उभ्या काँक्रीटच्या पट्ट्या आहेत, त्या ऊन अडवितात आणि वारा येऊ देतात. आत जाणाराला एक लांब उतरण वर घेऊन जाते आणि ती वाट उघड्या हवेतूनच जाते. पॅरिसमध्ये चटका बसल्यावर त्या पुरुषाने जे शिकून घेतले, ते त्याने आमच्याच देशात येऊन बांधून दाखविले. आणि आम्ही मात्र सत्तर वर्षांनंतरही त्याच्या पॅरिसच्या फसलेल्या भिंतीची नक्कल करण्यात भूषण मानतो. याला आधुनिकता म्हणण्यापेक्षा शिळेपणा म्हणणेच सयुक्तिक होईल.

तिसरा शब्द प्रकाश. उजेड कोणास नको? परंतु आमच्या देशात उजेड आणि ताप हे जुळे भाऊ आहेत, आणि साधी काच एकाला आत घेताना दुसऱ्याला बाहेर ठेवीत नाही. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या निर्मळ काचेतून तिच्यावर पडणाऱ्या सूर्याच्या उष्णतेपैकी सुमारे ८० टक्के आत उतरते. पश्चिमेस तोंड असलेल्या दुकानात वैशाखातल्या दुपारी चार वाजता काय होते, ते गल्ल्यावर बसणाऱ्यास विचारा. यंत्र खोली थंड करीत असते, दार ती तापवीत असते, आणि या दोघांच्या भांडणाचा खर्च मालक भरतो. शेवटी वैतागून तो त्याच काचेवर काळी फिल्म चिकटवितो, नाही तर जाहिरातीचा कागद डकवितो किंवा आतून पडदा ओढतो. ज्या प्रकाशासाठी काच घेतली तो गेला, ज्या दर्शनासाठी घेतली तेही गेले, आणि उरली ती एक महागडी, जड व फुटणारी फळी! शिवाय चौकटीवाचून बसविलेल्या काचेच्या कडांना चहूबाजूंनी फट ही ठेवावीच लागते. त्या फटींतून गार हवा बाहेर आणि रस्त्याची धूळ आत, असा विनिमय दिवसभर चालू राहतो तो वेगळाच.

आमच्या आधीच्या लोकांनी हा प्रश्न सोडविला नव्हता काय? मुंबईच्या कोटातील दादाभाई नौरोजी रस्त्यावरून एकदा मान वर करून चालावे. इमारती निरनिराळ्या धन्यांच्या, निरनिराळ्या धाटणीच्या. पण तळमजल्यावर त्यांच्यापुढून सलग कमानदार पडवी गेली आहे. दुकानाचे दार त्या पडवीच्या आत, सावलीत आहे. तेथे दाराला काच असली तरी तिच्यावर ऊन पडत नाही, पाऊस सपकारत नाही, आणि गिऱ्हाइकाला आत जावे की न जावे हे ठरवीपर्यंत क्षणभर सावलीत उभे राहता येते. व्यापाराची प्रतिष्ठा त्या पडवीने उणी झाली, असे कोणीही म्हटलेले आमच्या ऐकिवात नाही. म्हणजे खरा प्रश्न काच की लाकूड एवढाच नाही. दाराच्या आधी काय आहे, हाही आहे. रस्त्याच्या कडेपर्यंत इमारत पुढे दामटून, छज्जा व पडवी यांची वीतभर जागाही विकाऊ क्षेत्रफळात घालून, मग उघड्या उन्हात काचेचे दार टांगावयाचे, ही खरी आपत्ती आहे.

आतापर्यंत पैशाचे बोललो. आता प्राणांचे बोलू. जून २०२० मध्ये केरळात पेरुंबावूर येथे एका बँकेच्या शाखेतून घाईने बाहेर पडणारी एक स्त्री काचेच्या दारावर आदळली. काच फुटली, तिचा तुकडा पोटात घुसला, आणि ती बाई त्यातच मरण पावली. ती बँकेत कामासाठी आली होती. तिचा अपराध असेल तर एवढाच की, जी वस्तू दिसूच नये अशी बनविली होती ती तिला दिसली नाही! फुटताच जिचे भाले होतात ती साधी काच दारासाठी नव्हेच, हे या व्यवसायातील प्रत्येकास ठाऊक आहे. बाजारात जिला ‘टफन’ म्हणतात ती काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतांनी एकदम थंड केलेली असते. ती साध्या काचेच्या चार-पाचपट दणकट असते, आणि फुटलीच तर तिचे बोथट दाणे होतात. दुसरी जात दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा दाबून केलेली. ती तडकली तरी तुकडे पापुद्र्याला धरून राहतात. एदुआर बेनेदिक्तस या फ्रेंच गृहस्थाने तिचे पेटंट १९०९ सालीच घेतले होते. म्हणजे ज्ञान शंभर वर्षांचे आहे, सुरक्षा-काचेसाठी २५५३ क्रमांकाचे भारतीय मानक आहे, राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत काचेवर स्वतंत्र प्रकरण आहे. नाही ते एवढेच की, काच घेताना तिच्या कोपऱ्यावरची निशाणी वाकून पाहण्याची तसदी!

टफन काच घेतली म्हणजे सर्व काळजी मिटली, असेही नाही. तिचा जीव तिच्या कडेत असतो; मधोमध बुक्की सोसणारी ही काच कडेला लागलेल्या एखाद्या टोल्याने क्षणात दाणेदार होते. काच ओतताना निकेल सल्फाइडचा कण तिच्यात राहिला असेल, तर कोणाचा हातही न लागता ती एखाद्या दिवशी आपोआप फुटते. कारखान्यात ती पुन्हा तापवून अशी सदोष काच आधीच फोडून बाजूस काढता येते, पण हे मागणारा ग्राहक विरळा. आणि काच दणकट झाली म्हणजे कपाळ दणकट होत नाही. मधोमध आडवी पट्टी नाही, नजरेच्या उंचीवर ठळक खूण नाही, अशा दारावर माणूस आदळणारच. आणि लहान मुलाची नजर मोठ्याच्या कमरेपाशी असते, म्हणून खूण दोन उंचींवर हवी, हे समजण्यास संहिता उघडण्याचीही गरज नाही.

मग या दाराचे वजन. १२ मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला ३० किलो भरते. तेव्हा १ मीटर रुंद व २.१ मीटर उंच असे एक दार ६३ किलोंचे झाले. जमिनीत पुरलेली स्प्रिंग हा भार पेलते खरा, पण ते दार हलविण्याचे आणि स्प्रिंगशी झगडण्याचे काम येणाऱ्याच्याच मनगटाकडे राहते. सत्तरीची आजीबाई, कडेवर मूल घेतलेली आई, कुबडीवर चालणारा मनुष्य यांनी ते कसे करावे? त्यातून दाराच्या दोन्ही अंगांना सारखीच लांब चकचकीत मूठ. मूठ दिसली की हात ओढू पाहतो, हे शरीराचे शहाणपण आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली नित्याच्या वस्तूंवर एक पुस्तक लिहून हेच समजावले, की ढकलावयाच्या बाजूस सपाट पट्टी आणि ओढावयाच्या बाजूस मूठ असली म्हणजे शिकविण्याचे कारण उरत नाही. आम्ही दोहोंकडे मूठ बसवितो आणि वर ‘ढकला’, ‘ओढा’ अशा चिठ्ठ्या डकवितो. त्याही कित्येकदा केवळ इंग्रजीत. दार कसे उघडावे हे ज्याला लिहून सांगावे लागते, त्या दाराच्या निवडीत काही तरी चुकलेच आहे.

हे दार संकटसमयी कसे वागेल, याचा विचार तर त्याहूनही कोणी करीत नाही. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेत बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या उपाहारगृहास आग लागली आणि ४९२ माणसे मृत्युमुखी पडली. पुढचे दार फिरते होते, ते गर्दीने अडकले. इतर दारांपैकी काही कुलूपबंद, काही आत उघडणारी. त्या दुर्घटनेनंतर तेथे फिरत्या दाराच्या शेजारी बाहेर उघडणारे साधे दार ठेवण्याचे नियम झाले. दोष तेथे काचेचा नव्हता. मनुष्य पळू लागला म्हणजे दारावर काय बेतते, याचा विचार न करता दार निवडले जाते, त्याचा होता. आमच्याकडे वीज गेल्यावर सरकते स्वयंचलित दार हाताने उघडते काय, हा प्रश्न किती मालकांनी ठेकेदारास विचारला असेल? जुन्या वाड्याच्या भल्या थोरल्या दरवाजात एक लहानशी दिंडी असे. सोहळ्यासाठी दरवाजा आणि माणसासाठी दिंडी, इतका विवेक त्या सुतारापाशी होता.

आणि शेवटी मानाचा प्रश्न, जो आम्ही सर्वांत मोठा समजतो. निराधार योजनेचे पैसे काढण्यास आलेली खेड्यातील वृद्धा बँकेच्या काचेच्या दारासमोर क्षणभर थबकते, हे दृश्य तालुक्याच्या कोणत्याही गावी पाहावयास मिळते. आतली गार हवा, चकचकीत फरशी, खुर्चीवर बसलेली इस्त्रीच्या कपड्यांची माणसे हे सारे तिला दिसते. आणि आपण त्यांना दिसत आहो, हेही तिला दिसते. ती पायांतल्या वहाणा बाहेर काढून ठेवते. कोणी सांगितले होते काय तिला? पाटी तर कोठेही नव्हती. दारानेच सांगितले. उघड्या ओट्यावर हीच बाई ‘काय हो शेट’ म्हणत हक्काने टेकली असती. काचेचे दार कोणालाही अडवीत नाही, असे म्हणणे खरे आहे. ते फक्त प्रत्येकाला त्याची पायरी दाखविते. ज्याला आतले दिसते पण आत जाण्याचा धीर होत नाही, त्याच्यापुढे भिंत असलेली पुरवली. भिंतीपुढे निदान कोणी ओशाळत तरी नाही. खेड्यांच्या ठेवींवर उभ्या राहिलेल्या संस्थांनी आपल्या ठेवीदारास दारातच परका करावे, यासारखी कृतघ्नता दुसरी नाही.

यावर उत्तर येईल की, गिऱ्हाइकालाच काच आवडते. लाकडी दार लावले तर दुकान बंद आहे असे समजून तो पुढे जातो. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. आत काय आहे ते बाहेरून दिसले पाहिजे, हे दुकानाच्या धंद्याचे मर्मच आहे. पण दिसण्यासाठी बाजूची खिडकी आहे. तिला हवी तेवढी काच लावा, तीतून कोणाला जावयाचे नसते. दाराला हवी चौकट. लाकडाची किंवा अॅल्युमिनियमची चौकट, वरच्या भागात सुरक्षा-काच, कमरेच्या उंचीवर आडवी पट्टी, खाली लाथा-बादल्यांचा मार सोसणारी भरीव फळी, असे दार दिसण्यास उघडे, हाताला हलके आणि डोळ्याला स्पष्ट असते; त्याची फट बुजविता येते आणि मोडले तर गावातला सुतार ते दुरुस्त करू शकतो. दुसरा आक्षेप असा की, हे सर्व जुनाट दिसेल. जुनाट म्हणजे काय? ज्याचे काम संपले ते जुनाट. ऊन, धूळ, घाई, म्हातारपण आणि आग यांचे काम अद्याप संपलेले नाही.

तेव्हा दार निवडणाऱ्याने ठेकेदाराचे रंगीत चित्रपुस्तक उघडण्यापूर्वी काही साधे प्रश्न स्वतःस विचारावे. दार कोणत्या दिशेस आहे, आणि त्याच्यावर सावली कशाची? काच कोणत्या जातीची, आणि तिच्यावर मानकाची निशाणी आहे काय? घाईने येणाऱ्यास ती दिसेल काय, आणि ते पाच वर्षांच्या मुलासही दिसेल काय? अशक्त मनगटास दार उघडेल काय? चाकाची खुर्ची सुखाने जाण्यास ९० सेंटिमीटरांची मोकळी वाट आहे काय? वीज गेली, धूर झाला, तर ते बाहेरच्या अंगास उघडेल काय? आणि ज्याच्या पायांत धुळीने माखलेल्या वहाणा आहेत, त्याला त्या न काढता आत यावेसे वाटेल काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी मिळाली, तर दार काचेचे असले तरी आमची हरकत नाही. एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर ते चंदनाचे असले तरी नको.

हे मासिक वाचणाऱ्या घरांतून बँकांचे संचालक, संस्थांचे विश्वस्त, दुकानांचे धनी आणि शाळा-इस्पितळांच्या इमारत-समित्यांचे सभासद पुष्कळ आहेत. दाराचा ठराव त्यांच्याच सहीने होतो, आणि बहुधा तो बैठकीच्या अखेरीस, चहा आल्यानंतर, चर्चेवाचून होतो. त्यांनी पुढच्या वेळी तो ठराव थोडा थांबवावा, ठेकेदारास आपल्या वृद्ध आईला बरोबर घेऊन येण्यास सांगावे, आणि नमुन्याचे दार तिच्याकडून उघडवून पाहावे. त्या परीक्षेत जे दार उतरेल ते खुशाल बसवावे. इमारतीची शोभा रस्त्यावरून पाहणारे पुष्कळ भेटतील. तिच्या पोटात आपले काम घेऊन येणारा मात्र दारातूनच येणार, आणि तोच तिचा खरा धनी आहे.